लिटर मोजले, किलोमीटर राहिला

९ मार्च, सोमवार

ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसतंय — आणि मीटरवर रनिंग अडतीस हजार! जुन्या गाड्यांचा दुकानदार म्हणतो, "साहेब, एकाच मालकाची आहे. मॅडम फक्त भाजी आणायला बाहेर काढायच्या." मॅडम भाजी आणायला परदेशात जात असाव्यात.  पॅडलवर बोट ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चोराच्या मनात चांदणं! लगेच म्हणाला, "ही राहू द्या. दुसरी दाखवतो."

दुसरीही तसलीच. वरून कीर्तन, आतून तमाशा.

बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे, पोकळ केलेली वजनं, पेट्रोल पंपांची चोरबटणं — सगळं पाहून झालंय. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी समोरचा माणूस बोलायला लागला की माझी नजर त्याच्या हाताकडे जाते. घरी ही म्हणते, "तुम्हाला देवानं जरी काही मोजून दिलं तरी तुम्ही परत मोजाल." मोजीन की!

१० मार्च, मंगळवार

बावीस दिवस उरले.

११ मार्च, बुधवार

एकदा नीट लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल. धाकटीला नोकरी लागली आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून गावोगाव फिरायचं. जे पेशंट घरातून हलू शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्यांना हलवायचं. अकरा गावं, रोजचे नव्वद किलोमीटर. अट एकच — स्वतःची चारचाकी हवी. एक एप्रिलला गाडीची कागदपत्रं दाखवून हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार. नव्या गाडीइतके पैसे तिच्याकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. दोघांचे मिळून जुनी येईल.

शेजारचे मास्तर म्हणाले, "डिझेल घ्या, डिझेल! खर्चाला स्वस्त." बसून गणित केलं. डिझेलची जुनी गाडीच आधी महाग, सर्व्हिसिंग महाग, बिघडली तर पार्ट महाग. शिवाय धाकटीचं काम म्हणजे चार-पाच किलोमीटर जायचं, थांबायचं, पुन्हा चार-पाच किलोमीटर. इंजिन तापेपर्यंत गाव येणार. पेट्रोलच बरं. मास्तरांना पटलं नाही. त्यांची स्वतःची सायकल आहे.

पण खरं भय खर्चाचं नाही. सातव्या आणि आठव्या गावाच्या मधे आठ किलोमीटर एकही घर नाही. मी जाऊन पाहून आलो. दगड, झुडपं आणि वारा. तिथे पोरीची गाडी बंद पडली तर? लिटरला दोन किलोमीटर कमी दिले तरी चालेल, पण बंद पडता कामा नये. आणि खोटं बोलणाऱ्या माणसाकडून घेतलेली गाडी कधी बंद पडेल ते कुणी सांगावं?

ही म्हणाली, "थोरलीचं लग्न ठरवताना इतक्या चौकशा केल्या नव्हत्या हो." तेव्हा मुलगा समोर बसून बोलत होता. गाडी बोलत नाही.

धाकटी म्हणाली, "बाबा, चालवणार मी आहे." म्हटलं, माहीत आहे. पहिला महिना मी बरोबर बसणार, तेही माहीत असू दे. ती ताटातल्या घासाकडे बघत राहिली.

१४ मार्च, शनिवार

आज जे पाहिलं ते आधी जसंच्या तसं उतरवतो.

धाकटीनं गुरांच्या दवाखान्याच्या फळ्यावरून एक चिठ्ठी आणली होती. "पेट्रोल गाडी विकणे आहे. दोष समक्ष सांगितले जातील." मला वाटलं, नवीन युक्ती दिसते! गेलो. गावाबाहेर छोटं घर, पुढे मोकळं अंगण, अंगणात हिरवी गाडी — चौदा वर्षांची. मालकीण निवृत्त गुरांच्या डॉक्टर. चौऱ्याहत्तरीच्या. काटक, केस अगदी बारीक कापलेले, मनगटं सुताराची असावीत तशी.

"बसा," म्हणाल्या. "आधी दोष सांगते, मग गुण. उलट केलं की माणसं दोष ऐकतच नाहीत. लिहून घ्या."

खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. सकाळच्या गारव्यात दुसरा गिअर अडतो, जबरदस्ती करायची नाही, पुन्हा क्लच दाबायचा. मागची डावी काच खाली जाते ती हातानं ओढून वर घ्यावी लागते. एसी नाही — "होता, मेला." पेट्रोलचा काटा खोटारडा आहे, अर्धी टाकी दाखवतो तेव्हा पाव असते. डाव्या दाराला एका म्हशीनं शिंग मारलंय. आणि आत औषधाचा आणि वासरांचा वास येतो. "चौदा वर्षांत चारशे-पाचशे वासरं तरी मागच्या सीटवर बसून गेली असतील. वास जाणार नाही. मी प्रयत्न केला."

मी पेन धरून तसाच बसून राहिलो! बत्तीस वर्षांत एकाही दुकानदारानं मला स्वतःहून सांगितलं नव्हतं की माझा तराजू इकडे झुकतो.

"आणि गुण?"

"रस्त्यात कधी सोडलं नाही मला. लिटरला सोळा देते. उन्हाळ्यात सोळा, पावसाळ्यात सोळा."

का विकता, विचारलं. म्हणाल्या, "डोळे. गेल्या महिन्यात वासरू आडवं आलं. ब्रेक लागला, वासरू वाचलं. पण ते जितक्या लांबून दिसायला हवं होतं, तितक्या लांबून मला दिसलं नाही. घरी आले आणि किल्ली खुंटीला अडकवली."

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दंड केला नव्हता. कुणाला कळलंसुद्धा नसतं. बाईंनी स्वतःच स्वतःला नापास केलं! दवाखान्यात जायला आता रोज दोन किलोमीटर चालतात. निवृत्त झाल्या तरी दवाखाना सुटलेला नाही.

निघताना धाकटीला म्हणाल्या, "चालवणार तू ना?"

"हो."

"मग तू का नाही काही विचारत?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट खिशात घातलं.

१५ मार्च, रविवार

झोप लागेना म्हणून पहाटे उठून एक आकडेमोड केली आणि आता तर अजिबातच लागणार नाही.

बाईंच्या गाडीचं रनिंग एक लाख बारा हजार. सरासरी ताशी चाळीसनं धरलं तर इंजिन अठ्ठावीसशे तास चाललं. मिनिटाला अडीच हजार फेरे. चार सिलिंडर, प्रत्येकात दोन फेऱ्यांना एक स्फोट — म्हणजे मिनिटाला पाच हजार. गुणाकार तीन वेळा केला. चौऱ्याऐंशी कोटी! त्या डबड्याएवढ्या लोखंडात चौऱ्याऐंशी कोटी स्फोट झाले, एकामागून एक, न चुकता. आणि वर वासरं शांत बसून होती!

आजवर पेट्रोल म्हणजे माझ्या लेखी मापातला एक द्रव. पंपावर गेलो, पाच लिटरच्या मापात ओतून घेतलं, रेघेला लागलं की नाही पाहिलं, पावती फाडली. ते पुढे कुठे जातं, काय करतं, याचा बत्तीस वर्षांत एकदाही विचार केला नाही. आज हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

हिला उठवून सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कूस बदलली.

१७ मार्च, मंगळवार

गॅरेजवाल्याला घेऊन बाईंकडे गेलो. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पाच मिनिटं तसाच! मीही उगाच श्वास रोखून उभा. मग चारही सिलिंडरचा दाब तपासला — चौघांचा जवळजवळ सारखा. म्हणाला, "साहेब, पोटच्या पोरासारखी ठेवलीय. दर वेळी वेळेवर तेल बदललेलं इंजिन आवाजावरून कळतं. अजून लाखभर पळेल."

आता अ‍ॅव्हरेज तेवढं तपासायचं राहिलं. बाई सोळा म्हणतात. खरंच असेल. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड बत्तीस वर्षं पोळत होतं.

१९ मार्च, गुरुवार

ऑफिसात जाऊन पाच लिटरचं आणि एक लिटरचं अशी दोन मापं उसनी आणली. माझ्या जागेवर आलेली निरीक्षक बाई माझीच तयार केलेली. "सर, गाडी घेताय की धाड टाकताय?" म्हणाली. नियमाप्रमाणे वहीत सही घेतली माझी. शाबास!

२१ मार्च, शनिवार

चाचणी झाली. पद्धत लिहून ठेवतो.

बाईंकडून गाडी दिवसापुरती मागून घेतली. पंपावर सपाट जागा बघून टाकी काठोकाठ भरली, बुडबुडे जाईपर्यंत हलवली, पुन्हा भरली. मग तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन परत. चालवायला धाकटी, शेजारी मी. तिनं दुसरा गिअर दोनदा अडवला, तिसऱ्यांदा नाही. गाडी चढाला लागली की आवाज थोडा जाड होतो, दम मात्र लागत नाही! खिडकीतून वारा, आत वासरांचा वास, आणि खाली ते हजारो स्फोट — मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. धाकटी हसली. "बाबा, तुम्ही चक्क गुणगुणताय."

तालुक्याच्या वेशीवरचा दगड अठ्ठेचाळीस किलोमीटर सांगतो. गाडीच्या मीटरवर साडेचव्वेचाळीस. रस्ते खात्याचे दगड! जेवण झाल्यावर पावलांनी मोजले असतील.

परत येऊन त्याच पंपावर, त्याच जागी, टाकी पुन्हा काठोकाठ भरली — या वेळी मापांनी. पाच लिटर आणि वर एक लिटर. बरोब्बर सहा. थेंब सांडला नाही. मीटरवर एकूण एकोणनव्वद किलोमीटर. एकोणनव्वद भागिले सहा.

चौदा पूर्णांक आठ.

सोळा नाही.

२२ मार्च, रविवार

महिन्याला दहा लिटरचा फरक पडतो. पण दहा लिटर गेले खड्ड्यात! म्हशीच्या शिंगापर्यंत सगळं सांगणारी बाई अ‍ॅव्हरेजबद्दल खोटं बोलली, तर मग इंजिनाबद्दल कशावरून नाही? दोष सांगायचे छोटे छोटे, म्हणजे मोठ्या थापेवर विश्वास बसतो — ही तर जुनीच चाल. मी कसा फसलो? मला इतका राग का आलाय तेही कळत नाही. दुकानदार खोटं बोलला तेव्हा आला नव्हता.

फोन केला. "बाई, सोळा नाही, चौदा पूर्णांक आठ देते. खरं बोलणाऱ्या म्हणून तुमच्याकडे आलो होतो."

 "मोजलंत?"

"थेंबन् थेंब."

"मग नका घेऊ," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. तेवढं एक टोचतंय.

२३ मार्च, सोमवार

धाकटी सकाळी म्हणाली, "दहा लिटरसाठी, बाबा?"

"प्रश्न दहा लिटरचा नाही. खोटेपणाचा आहे."

"तुम्हाला कुणी खरं बोललेलं चालतच नाही." डबा न घेता गेली. संध्याकाळी उशिरा आली, कुठे होतीस विचारलं तर "काम होतं." ही माझ्याशी बोलतेय, पण भांडी जरा जोरात ठेवतेय.

नऊ दिवस.

२४ मार्च, मंगळवार

आणखी तीन गाड्या पाहिल्या. एक धुराची, एक अपघाताची, एक चोरीची वाटते. प्रत्येक मालक म्हणतो, "काहीच दोष नाही, साहेब." काहीच दोष नाही!

२५ मार्च, बुधवार

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी जीभ! मी!

मापं परत द्यायला ऑफिसात गेलो. निरीक्षक बाईला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं. कशी टाकी भरली, कसं एक थेंब सांडलं नाही. तिनं वहीत "मापे परत मिळाली" असं लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "सर, लिटर तुम्ही मोजलेत. किलोमीटर कुणी मोजला?"

"मीटरनं."

"मीटर कुणी तपासला?"

 पहिल्या दिवशी या पोरीला मीच शिकवलं होतं — ज्या साधनानं मोजायचं, ते आधी तपासल्याशिवाय कुणावर बोट उचलायचं नाही. बत्तीस वर्षं हेच सांगत फिरलो. आणि पेट्रोल मिलिलिटरपर्यंत मोजून किलोमीटरसाठी मात्र एका चौदा वर्षांच्या मीटरवर डोळे झाकून भरवसा ठेवला! त्याच्या शेजारचा पेट्रोलचा काटा खोटारडा आहे, हे पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहून घेतलेलं असताना! दगड म्हणत होता अठ्ठेचाळीस. मी दगडाला हसलो.

अठ्ठेचाळीस दुणे शहाण्णव. शहाण्णव भागिले सहा.

भागायची गरजच नाही.

घरी हिला सांगितलं. शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याचं कुसळ दिसतं तुम्हाला. उद्या सकाळी जा. आणि आधी माफी मागा, मग मोजा. नाहीतर तिथे जाऊन टेप काढाल."

२६ मार्च, गुरुवार

गेलो. टेप खिशात होती, पण काढली नाही.

अंगणात गाडी नव्हती. मागच्या शेतवाटेवरून आवाज येत होता. पाहतो तर गाडी उसळत येतेय — आणि चालवतेय धाकटी! शेजारी डॉक्टरीणबाई, एक हात खिडकीबाहेर. मला पाहून धाकटीनं गाडी बंद पाडली. सोमवारपासून येत होती म्हणे. पहिल्या दिवशी माझ्या वतीनं माफी मागायला आली, बाई म्हणाल्या, "माफी राहू दे, चिखलातून गाडी काढता येते का?" नाही म्हटल्यावर रोज शिकवायला घेतलं. विकायची की नाही, हा विषयही निघाला नव्हता.

मी हात जोडले आणि जे म्हणायचं ते म्हणालो. आयुष्यात इतकं अडखळलो नव्हतो. चाकं मोठी असतील का, विचारलं. बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! टायर!" सहा वर्षांपूर्वी शेतवाटांवर गाडीचं पोट घासायचं म्हणून त्यांनी मोठे टायर बसवून घेतले होते. चाक मोठं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटर बिचारा जुन्या हिशेबानंच फेरे मोजत बसलेला.

मग टेप काढली. टायरवर खडूची खूण केली, जमिनीवर दुसरी, धाकटीनं गाडी हळूच एक फेरा पुढे घेतली. कंपनीच्या पुस्तकातल्या मापाचं चाक एका फेऱ्यात एक मीटर त्र्याहत्तर जायला हवं. हे गेलं एक मीटर शहाऐंशी आणि वर अर्धा सेंटिमीटर. हिशेब केला. शहाण्णवला जेमतेम पंचावन्न मीटर कमी.

"पण फोनवर का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"मला तरी कुठे सुचलं? मी मीटरकडे कधी पाहिलंच नाही. प्रवासभत्ता दगडांवरून मिळायचा, तीच सवय. तुम्ही थेंबन् थेंब मोजलंय म्हणालात. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल. चार दिवस माझ्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासतेय. डोळ्यांनी दगा दिला, तसा आकड्यांनीही दिला की काय, म्हटलं."

मी उभा होतो तिथेच खाली अंगणात बसलो. एका क्षणात मी त्यांना खोटं ठरवलं होतं. आणि त्या चार दिवस स्वतःलाच तपासत होत्या! अशीही माणसं असतात. आपल्याच गावाबाहेर राहतात, वासरांना इंजेक्शनं देतात, आणि आपल्याला पत्ता नसतो.

बरं, एवढ्यावर थांबाव्यात की नाही? थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे गाडी मीटरपेक्षा तीन-चार हजार किलोमीटर जास्त पळालीय. हा दोष मी तुम्हाला सांगितला नव्हता. किंमत कमी करायला हवी."

मी म्हणालो, "बाई, आता पुरे करा." खरंच डोळ्यांत पाणी आलं.

२८ मार्च, शनिवार

एक दूधवाला जास्त किंमत द्यायला तयार होता. बाईंनी त्याला नाही म्हणून कळवलं. मला म्हणाल्या, "तुम्हाला नाही विकत. तिला विकतेय." किमतीवरून अर्धा तास भांडण झालं — त्या खाली ओढतायत, मी वर! पलीकडच्या अंगणातली माणसं बघायला आली.

३० मार्च, सोमवार

गाडी धाकटीच्या नावावर झाली. विमाही. बाईंनी किल्ली खुंटीवरून काढून तिच्या हातात ठेवली. गाडीकडे वळून पाहिलं नाही. "मीटर साठ दाखवेल तेव्हा तू पासष्टनं जात असशील, लक्षात ठेव," एवढंच. मग दवाखान्याकडे चालायला लागल्या.

१ एप्रिल, बुधवार

हजर झाली. साहेबांनी कागद पाहिले, गाडी पाहिली, म्हणाले, "वास कसला येतोय?" धाकटी म्हणाली, "अनुभवाचा." कुठून शिकली असं बोलायला?

३ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस तिच्याबरोबर फिरतोय. गाडीत बसून राहायचं ठरलं होतं, पण आज एका घरी पाणी प्यायला आत गेलो.

सुतार. माझ्याच वयाचा. सात महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली, तेव्हापासून मूठ घट्ट मिटलेली. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक बोट चोळत बसली. घाई नाही, बडबड नाही. "काका, रंधा धरायचा आहे ना? मग सोडायला शिकलं पाहिजे आधी." पाऊण तास! मला वाटलं, काही होत नाहीये. आणि मग अंगठा हलला. स्वतःहून. एवढासा. सुताराची बायको भिंतीला टेकून उभी होती, ती तोंडावर पदर धरून बाहेर गेली. धाकटीनं वहीत तारीख आणि वेळ टाकली आणि दुसरं बोट हातात घेतलं.

चौऱ्याऐंशी कोटी स्फोटांनी जे वाटलं नाही ते त्या एका अंगठ्यानं वाटलं. ही आमच्या घरात वाढली? हिला मी सायकल शिकवताना मागून सीट धरून पळत होतो!

येताना म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मी एकटी जाते."

महिना ठरला होता.  "बरं," म्हणायला मला दीड किलोमीटर लागला.

६ एप्रिल, सोमवार

एकटी गेली. दिवसभर तीन वेळा फोन हातात घेतला, तिन्ही वेळा हिनं काढून घेतला. सात वाजता आली. गाडी कशी चालली? "मस्त!" जेवली, झोपली. चला, निभावलं. गाडी चांगलीच निवडली म्हणायची.

१२ एप्रिल, रविवार

धाकटी बाहेर गेलीय. तेल-पाणी बघावं म्हणून बॉनेट उघडलं. बॅटरीची सैल झालेली वायर टोकाशी आवळून बांधलेली — तिच्या पेशंटच्या ताणपट्टीनं. मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तशी, आठच्या आकड्यात, एकही सुरकुती नाही. शेवटाला चिकटपट्टी, आणि त्यावर पेशंटच्या पट्टीवर घालते तशी तारीख आणि वेळ. ६ एप्रिल, दुपारी २.४०.

सोमवार. दोन चाळीस म्हणजे, मी बरोबर होतो त्या दिवसांच्या वेळेप्रमाणे, सातव्या आणि आठव्या गावाच्या मधे.

पट्टी हलवून पाहिली. हलत नाही. बॉनेट आवाज न करता लावलं. तिला विचारणार नाही.